रेखाला घातलेला हार

ओतिलिया माझी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावातली रूममेट. मेक्सिकोची, फोटोग्राफी शिकायला आलेली. कामाला लागली की बाई घराचं पार गोडाऊन करायची! तिच्या घरच्या एका जुन्या ग्रुप फोटोत आत्याचा चेहरा ब्लेडनं खरवडलेला होता. का, तर पळून गेली म्हणून. नावसुद्धा कुणी सांगेना. "ज्याच्याबरोबर पळाली त्याचा चेहरा मात्र याच फोटोत शाबूत आहे," ओतिलिया दात-ओठ खात म्हणायची. मग आत्यासारखाच झगा शिवून, तशीच उभी राहून स्वतःचे फोटो काढायची. ते भिंतीभर लावलेले. त्यातली एखादी ओतिलिया नसून भलतीच कुणी आहे असं वाटून माझ्या अंगावर काटा यायचा.

२००४चा नोव्हेंबर. तिकडे नागपुरात आईचं हार्टचं ऑपरेशन दोन दिवसांवर, आणि व्हिसाच्या भानगडीत मी इथे अडकलेली. जीव टांगणीला लागलेला. लॅबमधून आले तर काय, ओतिलियानं गेलेल्या माणसांसाठी टेबल मांडलेलं, आपल्या सर्वपित्रीसारखा त्यांच्याकडे नोव्हेंबरात सण असतो तो. मेणबत्त्या, पाव, क्रेप पेपरचा झेंडू. आत्याच्या त्या खरवडलेल्या फोटोशेजारी माझ्या आईचा फोटो. हार घालून!

माझं डोकंच फिरलं. "अगं, जिवंत आहे ती! आमच्यात मेलेल्यांच्या फोटोला हार घालतात!" मी हार ओढून काढला.

ओतिलिया पांढरीफटक पडली. "पण तुझ्या आईचं नाव पद्मजा ना? हा फोटो तुझ्या पुस्तकातून पडला. मागे रेखा लिहिलंय. मला वाटलं, तुमच्या घरातली गेलेली मुलगी."

आईचा शाळेतला फोटो तो, मागे इंग्रजीत नाव. लग्नात नवरीचं नाव बदलतात, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून, हे हिला काय सांगणार, कप्पाळ! तरी सांगितलं. ती म्हणाली, "मग रेखा कुठे गेली?"

मी आईला फोन लावला आणि रडत सगळं सांगून टाकलं. हार काढलाय, काळजी करू नकोस, म्हटलं.

आई मग म्हणाली, "यामिनी, माझे वडील गेल्यापासून मला रेखा म्हणणारं कुणी उरलं नाही गं. घाल तो हार परत."

मी घातला.

ऑपरेशन नीट झालं. आठ दिवसांनी फोनवर मी मुद्दाम हाक मारली, "रेखा!"

आईनं ओ दिली नाही. "तिला हार घातलास ना?" एवढंच म्हणाली.