लागोपाठ तोच आकडा

मला राग लवकर येतो आणि जाता जात नाही. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या एका डॉक्टर काकांवरचा राग ऐंशीच्या दशकातला आहे आणि त्याची तब्येत अजून ठणठणीत आहे.

आमच्या ओळखीतल्या मराठी मंडळींत अमेरिकेत सगळ्यांत आधी आलेले हे काका. हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्यांमुळे त्यांना टेबलावर खेळायच्या बेसबॉलचं वेड लागलं. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड असायचं. एक लाल आणि एक पांढरा फासा टाकायचा. लालवर तीन, पांढऱ्यावर पाच आले की पस्तीस. मग कार्डावर पस्तीससमोर काय लिहिलंय ते बघायचं, हिट की आउट. काकांनी सहा जणांची, प्रत्येकाची एक टीम अशी लीग काढली, त्यात माझा नवराही होता. रविवारी दुपारी सगळे काकांच्या बेसमेंटमध्ये जमत. पण सगळे सामने तिथे उरकत नसत, म्हणून जो तो आपापल्या घरचे सामने आठवडाभरात एकट्यानेच दोन्ही बाजूंनी खेळून स्कोअरशीट घेऊन यायचा. लबाडीला वाव नको म्हणून पडलेला प्रत्येक आकडा शीटवर लिहायचा, हा नियम खुद्द काकांचा.

आकडेवारी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी नागपूरची, संख्याशास्त्रात एमएस्सी, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली आणि नोकरीची परवानगी नसलेली. कॉलेजात असताना भावाच्या क्रिकेट क्लबची स्कोअरबुकं मीच लिहायचे, आणि त्याच सवयीने पहिल्या आठवड्यात घोटाळा केला. क्रिकेटमध्ये सरासरी काढताना खेळाडू किती वेळा आउट झाला त्याने भागतात, बेसबॉलमध्ये किती वेळा बॅटिंगला आला त्याने. मी हिट्सना आउटने भागलं आणि एकाची सरासरी तीन आली. बेसबॉलमध्ये ती एकच्या वर जाऊच शकत नाही. चूक माझीच होती.

काकांना मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. त्यांनी उभं राहून माझं शीट सगळ्यांसमोर वाचलं, एकेक खेळाडू, एकेक आकडा. हशा ओसरला की पुढचा. शेवटी म्हणाले, "अगं, एमएस्सी काय पोस्टाने केलीस?" पुढे वर्षभर मी जिना उतरताना दिसले की "आली आमची टेस्ट मॅच" म्हणायचे. माझा नवराही हसायचा, पण त्याचं मी नंतर बघून घेतलं.

दुसऱ्या वर्षी लीगमधला एक जण नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात, कॅरीला गेला. त्याची टीम रिकामी झाली आणि मला ती मनापासून हवी होती. त्या गावात माझं म्हणावं असं काहीच नव्हतं. फोन नवऱ्याच्या नावावर, गाडी त्याची, ओळखी त्याच्या.

"काका, ती टीम मी घेऊ का?"

"आधी ॲव्हरेज काढायला शिक. शीट्स छान टाइप करतेस ना, तेच कंटिन्यू कर."

त्या वर्षी त्यांनी लीग पाच टीम्सवर चालवली, पण मला टीम दिली नाही. घरी जाताना नवरा म्हणाला, "जाऊ दे ना यार, गेमच तर आहे."

मी जाऊ दिलं नाही. काका स्वतःच्या घरी खेळलेले सामने सहसा हरत नसत, हे मला खटकत होतंच. मी त्यांची शीट्स काढून बसले. फाशांचे छत्तीस आकडे, म्हणजे एकदा पडलेला आकडा लगेच पुन्हा पडायची शक्यता छत्तीसात एक. एका सामन्यात पाऊणशेच्या आसपास वेळा फासे पडतात. तेव्हा सरासरी प्रत्येक सामन्यात दोनदा तरी लागोपाठ तोच आकडा यायला हवा. नवऱ्याच्या शीट्सवर तसा येत होता, बाकीच्यांच्याही. काकांच्या पंधरा सामन्यांत एकदाही नाही. मनाने आकडे लिहिणाऱ्या माणसाचा हात तोच आकडा पुन्हा लिहायला धजत नाही, त्याला ते खोटं दिसेल असं वाटतं. त्या दिवशी मी शिरा केला.

सीझनच्या शेवटच्या रविवारपर्यंत सहा आठवडे मी तोंड मिटून राहिले. काकांची टीम पहिली आली होती. टाळ्या संपल्यावर मी उभी राहिले आणि शीट हातात धरून वाचायला लागले. पहिला सामना, लागोपाठ तोच आकडा, शून्य. दुसरा सामना, शून्य. दोन सामन्यांमध्ये मी तेवढीच थांबत होते, जेवढे काका माझं शीट वाचताना थांबले होते. मला फार मजा येत होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

"कोइन्सिडन्स आहे," काका म्हणाले.

"मग टाका ना काका इथे. मी लिहिते."

ते टाकत गेले. अकराव्या वेळी बेचाळीस पडले आणि बाराव्या वेळी पुन्हा बेचाळीस. काकांनी फासे खाली ठेवले. "हॉस्पिटलमधून आल्यावर वेळ कुठे असतो," असं काहीसं पुटपुटून ते वर निघून गेले. काकू चहाचा ट्रे घेऊन जिन्यात थांबल्या होत्या. मला वाईट वाटलं ते त्यांचं.

उरलेल्यांनी तिथल्या तिथे मला टीम दिली. पण बेसमेंट काकांचं होतं. रविवार बंद झाले, लीग मोडली, आणि मला टीम मिळाली ती खेळायला कोणी नसलेली. आठवड्याभरात काकूंनी कार्डांचा अख्खा डबा आमच्याकडे पाठवून दिला, घरात नको म्हणून.

त्या हिवाळ्यात मी काकांचे ते पंधरा सामने एकटीने पुन्हा खेळले. खरे फासे टाकून, प्रत्येक आकडा लिहून. ते किती वाईट हरले असते हे मला आकड्यांत हवं होतं. पंधरापैकी अकरा त्यांची टीम जिंकली. मी तीनदा बेरीज केली. टीम पहिलीच येत होती.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात काका ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. तेव्हा ते रिटायर झाले होते.

"तू ते सामने पुन्हा खेळलीस म्हणे."

"हो काका."

"मग? कितवा आलो असतो मी?"

"चौथे, काका. पाचात चौथे."

त्यांनी मान हलवली. "वाटलंच होतं मला," म्हणाले आणि ताटातली जिलबी तशीच ठेवून उठले.

आकड्यांच्या बाबतीत आयुष्यात मी तेवढं एकच खोटं बोलले. काका आता नाहीत. ते असेपर्यंत मी तो आकडा दुरुस्त केला नाही.