पंचरवाल्याचा चहा

एका माणसाचं दुकान बंद पडावं, असं मला जवळजवळ वर्षभर मनापासून वाटत होतं. देवापुढं हात जोडले की आईच्या तब्येतीनंतरचं दुसरं मागणं तेच असायचं. आता तो राग निवळला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. थोडा अजून आहे आणि मी तो जपून ठेवलाय.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली. का सुटली ते सांगत बसलो तर दुसरंच काही लिहून होईल. मामाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला कोल्हापूरकडं आलो. सीझन संपला, टोळी गावाकडं गेली आणि मी राहिलो. शहरात एका बेकरीत भट्टीवर काम लागलं. बेकरी ज्या बाईंची, त्यांना सगळे आक्का म्हणत. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच ती चालवत होत्या. चार वर्षं मी भट्टीपुढं काढली. मग पाव पोचवणारा माणूस काम सोडून गेला, तेव्हा आक्कांनी नवऱ्याच्या मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"पाडू नगंस," एवढंच म्हणाल्या. "माणूस गेलं. गाडी तरी ऱ्हाऊ दे."

ज्या गावात माझ्या रक्ताचं कुणी नाही, तिथं एक बाई नवऱ्याची गाडी माझ्या हवाली करते, हे मला झेपलंच नाही. गाडी पुसता पुसता डोळ्यांत पाणी आलं. मग कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून मागं वळून पाहिलं. माझा स्वभावच तसा. चांगलं काही झालं की ते आता कोण काढून घेणार, याची धास्ती आधी.

माझी लाईन कागलची. पहाटे पाव भरायचा, हायवेनं कागल गाठायचं, तिथल्या मिसळवाल्याला सातच्या आत माल द्यायचा. बेकरीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ते. सातला त्याच्या हॉटेलात बाकडी भरलेली असत आणि पाव नसला तर लोक कटाकडं, म्हणजे नुसत्या रश्श्याकडं, बघत थांबत नाहीत, शेजारच्या हॉटेलात जातात. तो मला पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, "पावणं, तुमचा पाव चांगला हाय. पर साडेसातला मला त्येचा काय उपेग न्हाय."

आणि गाडीचं मागचं चाक दर आठ-दहा दिवसांनी बसायला लागलं.

तेव्हा हायवे चौपदरी व्हायचं काम चालू होतं. अर्ध्या वाटेवर ट्रकवाल्यांसाठी पहाटेपासून उघडं असणारं एक पंचरचं दुकान होतं. दुकानदार पन्नाशीचा, आवाज मोठा. मला गाडी ढकलत येताना बघितलं की लांबूनच हाक मारायचा.

"या पावणं! बसलं व्हय परत?"

"बसलं हो."

"बसनार की! ऊसाच्या बैलगाड्या चालू झाल्यात. बैलांच्या नालाचं खिळं पडत्यात रस्त्याव, ते घुसत्यात. तुमी तरी काय करनार?"

हे ऐकून मी खाली बघायचो. कारण त्या गाड्या आमच्याकडच्याच टोळ्यांच्या, बैल आमच्याकडचेच. वाटायचं, आपल्याच माणसांनी टाकलेले खिळे आपल्याच चाकात घुसतायत, बोलणार कुणाला? तो पुढं म्हणायचा, "जावा, पलीकडं च्या घ्या. हितं उभं ऱ्हाऊन चाक लवकर हुनार हाय व्हय?" आणि मागच्या टपरीकडं ओरडायचा, "पावण्यास्नी एक पेशल!"

त्या चहाचे पैसे तो घ्यायचा नाही. कोल्हापुरात हे काही नवल नाही. इथं अनोळखी माणसालाही चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. पण मला ते नवल होतं. चहा न घेणं म्हणजे त्याचा अपमान, असं मला वाटायचं. मी टपरीवर जायचो, दुकानाकडं पाठ करून बाकड्यावर बसायचो, सावकाश प्यायचो. परत यावं तर चाक बसवून तयार. "तीन जागी हुतं," तो सांगायचा. मी पैसे देऊन वर त्याचे आभार मानायचो. पुन्हा पुन्हा मानायचो. हे आठवलं की अजून कान गरम होतात.

तिसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा मिसळवाल्यानं बेकरीत फोन केला. आक्का मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता एकदा जरी झालं तर लाईन दुसऱ्याला द्यावी लागंल, लेका. त्यो गिऱ्हाईक गेला तर मी भट्टी कशाव पेटवू?" त्या रात्री जेवण गेलं नाही. लाईन जाणार, गाडी जाणार, आणि आईला काय कळवणार?

बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी चाक परत बसलेलं दिसलं, तेव्हा मी ते मागच्या अंगणात काढलं. पुन्हा दुकानात जायला पैसे मागायची लाज वाटत होती, म्हणून. टायर उचकटायचे लोखंडी लिव्हर शेजारच्या गॅरेजातून मागून आणले. टायरमधून ट्यूब ओढून बाहेर काढली, थोडी हवा भरली आणि पीठ मळायच्या जुन्या परातीत पाणी घेऊन त्यात बुडवली.

"आरं ती परात!" आक्का आतून ओरडत आल्या.

मी तिथंच बसून ट्यूबकडं बघत राहिलो. ठिगळं बरीच होती आणि एक सोडून सगळी एकाच बाजूला. जमिनीकडच्या बाजूला एकच, पहिल्या वेळचं. बाकी सगळी आतल्या, रिमकडच्या बाजूला. रस्त्यावरचा खिळा टायर फोडून बाहेरून येतो. ही बाकीची भोकं उलटी, आतून पडलेली. मग रिमवरून बोट फिरवलं आणि बोटातून रक्त आलं. स्पोकची टोकं उघडीच होती, गंजून टोकदार झालेली. त्यांच्यावर एक रबराची पट्टी असायला हवी. ती नव्हती.

"आक्का, या गाडीला आत पट्टी नव्हतीच का?"

"नव्हती कशी? ह्यांनी सोता कापून बसिवलीया. ट्रकच्या ट्यूबची. माझी शिवनाची कात्री घिऊन. धार गेली ती गेलीच, पुन्ना आली न्हाय. दोन दिस मी बोलली नव्हती त्यांच्यासंगट."

म्हणजे पट्टी होती, आणि आता नव्हती. त्या गाडीचं चाक एकाच माणसानं उघडलं होतं, मी टपरीवर पेशल पीत असताना.

मला मारामारी येत नाही. पण त्या दिवशी अंगणात बसून मी त्याला मनातल्या मनात सगळ्या प्रकारे मारलं. पंचर काढतो म्हणून नव्हे, तो त्याचा धंदा. पाहुणा म्हणाला, बैलांच्या नावानं मला मान खाली घालायला लावली आणि चहा पाजला, म्हणून. पैसे लुटले असते तर इतकं लागलं नसतं.

दुरुस्ती मात्र फुकटात झाली. जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापली, स्पोकची टोकं कानशीनं घासून सपाट केली, पट्टी ताणून रिमवर बसवली, व्हॉल्व्हसाठी मध्ये भोक पाडलं. ट्यूब टायरला चिकटू नये म्हणून पावडर लावतात असं ऐकलं होतं. पावडर नव्हती, मी मैदा घेतला.

"मैदा कशाला? टायरची पुरी तळतोस व्हय?" म्हणत आक्कांनी डबा ओढून घेतला आणि घरातून तोंडाला लावायची पावडर आणून दिली. त्या दिवसापासून माझं ते चाक बसलं नाही.

इथंच थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

मी गॅरेजातून एक जुना पंप आणला आणि लिव्हर, ठिगळं, सोल्युशन अशी पिशवी करून कॅरिअरला बांधली. त्या दुकानाच्या अलीकडं कुणी बसलेली गाडी ढकलत जाताना दिसला की थांबायचो. "तिकडं जाऊ नका," म्हणायचो आणि तिथंच रस्त्याच्या कडेला, पंचरवाल्याला दिसेल असं, फुकट पंचर काढून द्यायचो. तो दारात उभा राहून बघायचा. त्याचा चेहरा बघून जे सुख व्हायचं ते मिसळीनंसुद्धा होत नसे. हळूहळू मी बसलेली गाडी शोधत जायला लागलो. आणि एक दिवस कागलला पोचलो तेव्हा सव्वासात झालेले. मिसळवाल्यानं दुसऱ्या बेकरीचा पाव घेतलेला. माझं क्रेट त्यानं उतरवूनसुद्धा घेतलं नाही.

भरलेलं क्रेट बघितल्यावर आक्कांनी विचारलं, "परत बसलं?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो. सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मी त्यांच्या हाताकडं बघत होतो, किल्ली मागतात की काय म्हणून.

"म्हंजे आदी त्यानं तुला उशीर केला. आता त्याच्यापायी तू तुझा तूच उशीर करतोस," त्या म्हणाल्या. "खरा शाना त्योच की रं! काय न करता तुझी लाईन घालिवतोय." मग भट्टीकडं वळता वळता, "सूड घ्यायचा तर दुपारी घे. बेकरीच्या अंगनात. पहाटं पाव न्ह्यायचा." कागलला त्यांनी स्वतः फोन लावला, आवाज खाली करून बोलल्या. आक्कांचा आवाज खाली गेलेला मी तेव्हाच ऐकला. एक आठवडा वेळेत माल पोचवून दाखवायची मुदत मिळाली.

मग दुपारी मी अंगणात शाळा काढली. त्या रस्त्यानं जाणारे दूधवाले, एक अंडीवाला, एक पेपरवाला, सगळे गाड्या घेऊन यायचे. मी कुणाचं काम करून द्यायचो नाही. चाक त्यांच्याकडूनच उघडून घ्यायचो. एकदा शिकलेला माणूस पुन्हा त्या दुकानात जाणार नाही, हा माझा हिशोब.

चौथ्या-पाचव्या दिवशी पंचरवाला थेट अंगणात आला.

"त्यो परभनीचा कोन रं?" पाहुणा म्हणणं संपलं होतं. "माझ्या पोटाव पाय देतोस व्हय? बाहिरनं येऊन?"

मी उठलो. "माझ्या रिममधली पट्टी कुठं गेली?" आवाज चिरकला.

"कसली पट्टी? कुजून पडली आसंल. जुनं मढं ते, त्येला कुटवर पट्टी टिकनार?"

तेवढ्यात एक दूधवाला चाक मांडीवर घेऊन बसला होता, तो म्हणाला, "आरं, माज्याबी चाकात न्हाय की पट्टी."

"माझ्याबी न्हवती," अंडीवाला म्हणाला. "मला वाटलं, कंपनीच देत न्हाय."

दूधवाल्यानं पंचरवाल्याकडं न बघता अंडीवाल्याला विचारलं, "तुला च्या पाजला हुता का?"

"पाजला की."

"साधा का पेशल?"

"पेशल!"

सगळं अंगण हसलं. कोल्हापुरी माणूस हसतो ते पोटातून आणि समोरच्याच्या तोंडावर. आक्का दारात पदर तोंडाला लावून हसत होत्या. पंचरवाला काहीतरी बोलत होता, पण कुणाला ऐकू जात नव्हतं. त्याचा तो मोठा आवाज पहिल्यांदाच कमी पडला. तो गेला तरी लोक एकमेकांना "पेशल का?" विचारत होते. मी त्या हसण्यात मनसोक्त न्हालो. दया आली नाही. येईल म्हणून जरा वाट बघितली, पण नाही आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र भीती वाटत होती. त्यानं रस्त्यावर काही टाकून ठेवलं असेल, चारजण घेऊन उभा असेल, असं काहीबाही डोक्यात. पाव भरला आणि निघालो. तो दारात एकटाच उभा होता. रस्त्याकडेला एकजण बसलेली गाडी ढकलत त्याच्याकडंच चालला होता. माझा हात ब्रेकवर गेला. मनात आलं, पाच मिनिटांचं तर काम. मग मी दात आवळले आणि गाडी तशीच पुढं काढली. त्या माणसाची मी मनातच माफी मागितली.

कागलला पावणेसातला पोचलो. मिसळवाल्यानं घड्याळ बघितलं, क्रेट उतरवून घेतलं आणि लाद्या मोजल्या. मी उभाच.

"उद्यापास्नं दोन लाद्या जादा आना," तो म्हणाला.

परत आल्यावर आक्कांना सांगितलं तेव्हा त्या मैदा चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग उद्या आनि लवकर ऊठ."