बाकावरच्या बाईचा फोटो

खडकीच्या शाइस्ता तांबोळीला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. जेवताना ती दोनदा उठायची, टीव्ही बघता बघता भाजी निवडायची. सासूबाईंना विस्मरणाचा आजार जडला आणि त्यांच्यासाठी घरी थांबणं भाग पडलं, तेव्हा जिवाला काहीतरी चाळा हवा म्हणून तिनं मोबाइलवर ब्लॉग सुरू केला. घरचंच माणूस आपल्याला ओळखेनासं झालं तर काय करायचं, आंघोळीला नाही म्हणालं तर कसं समजवायचं, असं ती साध्या मराठीत लिहायची. त्याच अडचणीत सापडलेल्या लेकीसुना ते वाचू लागल्या, एकमेकींना पाठवू लागल्या.

लेखावर एखादा फोटो लागतोच. सुरुवातीला ती गूगलवर शोधून दिसेल तो डकवायची. मुलगी मंतशा डिझाइनच्या कॉलेजात शिकत होती. तिनं एकदा ते पाहिलं आणि अम्मीला चांगलंच फैलावर घेतलं. गूगलवर दिसतं म्हणजे फुकट नसतं, प्रत्येक फोटोला मालक असतो. मग तिनंच शिकवलं : मोफत फोटोंच्या साइट कुठल्या, परवाना कुठे लिहिलेला असतो, काढणाऱ्याचं नाव कधी द्यावंच लागतं, फोटो कापायची मुभा कुठे असते नि कुठे नसते. शाइस्तानं जुने सगळे फोटो काढून टाकले. तेव्हापासून ती परवाना बघितल्याशिवाय चित्राला हात लावत नसे, आणि गरज नसली तरी खाली काढणाऱ्याचं नाव लिहीत असे. आपल्या ब्लॉगवर चोरीचं काही नाही, याचा तिला अभिमान होता.

म्हणून ती कॉमेंट आली तेव्हा तिला आधी रागच आला.

विस्मरणाची पहिली लक्षणं सांगणारा तिचा लेख बराच फिरला होता. वर फोटो होता बाकावर बसलेल्या एका म्हातारीचा. समोर पाणी, पदर घसरलेला, नजर कुठेतरी हरवलेली. कॉमेंट लिहिणारीचं नाव भाग्यश्री. ‘या फोटोतली बाई माझी आजी आहे. तिला काहीही झालेलं नाही. तुमच्यामुळे लोक तिला वेडी समजायला लागलेत.’

शाइस्तानं उत्तर लिहायला घेतलं. फोटो मोफत साइटवरचा, परवाना तपासलेला, नाव दिलेलं. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मग पुरावा म्हणून तो परवाना पुन्हा उघडला आणि या वेळी शेवटपर्यंत वाचला. फोटो वापरायला कुणाला विचारायची गरज नाही, हे वरच होतं. खाली बारीक अक्षरात आणखीही होतं. फोटोतल्या माणसाची संमती घेतलेली असेलच असं नाही. ओळखू येणाऱ्या माणसाला आजारी किंवा कमीपणा येईल अशा रूपात दाखवू नये. तिथवर ती कधी गेलीच नव्हती.

तिनं फोटो तिथल्या तिथे काढला आणि भाग्यश्रीला माफीचा निरोप पाठवला. तरी मन थाऱ्यावर येईना. गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून परत गॅलरीत.

“काढलास ना फोटो?” दारूगोळा कारखान्यातून दमून आलेला तिचा नवरा नसीम म्हणाला. “मग फरशी कशाला झिजवतेस?”

तिनं भाग्यश्रीला फोन लावला. त्या मुलीनं आधी तुटकपणे आणि मग भडाभडा सगळं सांगितलं. तिची आजी द्वारकाबाई खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं भाजून विकायची. लेख नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचला. गिऱ्हाइकं लहान मुलाशी बोलावं तशी सावकाश बोलू लागली. मुलगा शंभू यानं, आईला आता विस्तवापाशी बसू द्यायचं नाही, म्हणत कणसांची गाडीच बंद केली. आमटीत मीठ जास्त पडलं तरी घरातले एकमेकांकडे बघतात.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना मंतशाच्या हवाली करून शाइस्तानं स्कूटर काढली. स्वारगेटपासून पुढे सिंहगड रस्त्याच्या गर्दीत ती मनातल्या मनात बोलण्याची जुळवाजुळव करत होती. द्वारकाबाई घराच्या दारातच बसल्या होत्या, भाग्यश्री शेजारी उभी होती. शंभू आत घोटाळत होता.

“तूच का ती लिव्हनारी?”

“हो.”

“मला इचारलंस?”

“नाही.” परवान्याचं काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

“त्या दिशी डोकं दुखत व्हतं माझं. वाईच टेकले व्हते बाकावर. मानसानं तेवढंबी बसू न्हाई का?”

शंभू बाहेर आला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. परवा आई दूध गॅसवर ठेवून विसरली, असं त्यानं हळूच सांगितलं. “तुमच्याच लेखात लिहिलंय की ताई, हे पहिलं लक्षण.”

ते वाक्य तिला फोटोपेक्षा जास्त लागलं. दूध मीही विसरते, ती म्हणाली. मग घरी सासूबाईंचं काय चालतं ते तिनं त्याला सांगितलं. नसीमला त्या चोर समजतात, स्वतःच्या खोलीत घर कुठे आहे म्हणून विचारतात. “शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा. माझ्या लेखावरून आईचं ठरवू नका.”

ब्लॉगवर दुरुस्ती छापते, तुमचं नाव न देता, फोटो न लावता, असं तिनं द्वारकाबाईंना सुचवलं. म्हातारी उसळली. “का? तोंड बघितलंया सगळ्यांनी. आता बी तोंडच दाव.”

आत जाऊन त्या लुगडं बदलून आल्या. शाइस्तानं फोटो काढले. हसरे दोन त्यांनी नापास केले आणि कपाळाला आठी असलेला ठेवला. शाइस्तानं मजकूर दोनदा वाचून दाखवला, आणि हा फोटो फक्त याच लेखासाठी, असा त्यांचा होकार भाग्यश्रीच्या फोनवर रेकॉर्ड केला. निघताना द्वारकाबाईंनी चहा दिला, पण तुझं चुकलंच, हे पुन्हा ऐकवलं.

मूळ फोटो काढणारा आमोद नावाचा एक विद्यार्थी निघाला. कुणाला विचारायचं असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं साइटवरून फोटो काढून टाकला, पण ज्यांनी आधीच घेतलाय त्यांचं काय, हे त्यालाही सांगता येईना. तो फोटो गूगलला देऊन तो आणखी कुठे कुठे लागलाय, हे शाइस्ता शोधत बसली. एका वृद्धाश्रमाच्या पत्रकावर द्वारकाबाई होत्या, विम्याच्या एका जाहिरातीत होत्या, कुठल्याशा अनोळखी लिपीतल्या लेखावरही होत्या. तिनं सगळ्यांना लिहिलं. काहींनी काढला, काहींनी साधं उत्तरही दिलं नाही.

डॉक्टरांना द्वारकाबाईंच्या डोक्यात काही सापडलं नाही, चष्म्याचा नंबर तेवढा वाढला होता. शंभूनं कुरकुरत गाडी परत लावून दिली. दुरुस्तीचा लेख मात्र पहिल्याच्या पासंगालाही पुरला नाही. खोटं धावत गेलं होतं, खरं रांगत होतं.

एका संध्याकाळी तोच जुना फोटो नसीमच्या कारखान्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर येऊन पडला. नसीम ग्रुपवर कधी एक अक्षर लिहीत नसे. त्यानं लिहिलं : ‘बाई ठणठणीत आहेत. खडकवासल्याला कणसं विकतात. फोटो पुढे पाठवू नका.’ आणि फोन बायकोसमोर धरला.

शाइस्तानं ते वाचलं. “ज्यानं टाकला त्याला कुणी पाठवला, विचारलंस?”

“नाही.”

“दे इकडे,” म्हणत तिनं फोन घेतला आणि पाठवणाऱ्याचा नंबर शोधू लागली.