साताऱ्याहून आमच्याकडं आलेलं कोर्ट

चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "अण्णा, कोर्टातलं सांगा." किस्से म्हणजे कोर्टाच्या तारखाच, एक उरकायला जावं तर पुढची पडलेलीच.

साठ सालानंतर आमच्या तालुक्याला दिवाणी कोर्ट मिळालं आणि मी, चौथी पास, तिथं पट्टेवाला झालो. त्याआधी बांधाच्या भांडणालासुद्धा दोन एसट्या बदलून साताऱ्याला जावं लागायचं. पण कोर्ट मिळालं ते वर्षाच्या बोलीवर. काम दिसलं तर राहणार, नाहीतर परत साताऱ्याला. ह्याचा घोर सगळ्यात जास्त हौसाक्काला. नवरा नाही, गुडघे गेलेले, आणि धाकटा दीर धोंडीबा ह्याच्याशी बांधाची केस चालू.

*

जागा मिळाली जुन्या चावडीत. पहिल्या दिवशी जज्जसाहेब आले तर टेबलाला हळदकुंकू, वर पाच नारळ, दाराबाहेर चपलांचा ढीग.

साहेब म्हणाले, "अहो, हे देऊळ नाही."

पुढं बसलेल्या म्हाताऱ्यानं हात जोडले. "व्हय साहेब. पर हितंबी खरंच बोलायचं हाय न्हवं?"

साहेबांनी खाली वाकून गुपचूप बूट काढले.

*

साहेब कोकणातले, इकडच्या जत्रा त्यांना ठाऊक नव्हत्या. त्यांनी औंधच्या यमाईच्या जत्रेदिवशीच सात केसेस लावल्या. मला ठाऊक होतं, पण कशाला सांगतोय? व्हरांड्यात उभा राहून एकेक नाव तीन-तीनदा पुकारलं. एक कुत्रं तेवढं हजर झालं.

"सगळे पक्षकार गेले कुठं?"

म्हटलं, "देवीपुढं, साहेब. तिथं पुढची तारीख पडत न्हाई."

*

हळूहळू गर्दी खरंच आटली. ज्यांनी कोर्टासाठी मोर्चे काढले, तेच चिंचेखाली बसून भांडणं मिटवायला लागले. एकाला विचारलं, तर म्हणाला, "साताऱ्यात भांडलं तर कोण बघतंय रं? हितं सगळी सोयरी व्हरांड्यात बसत्यात."

*

वर्ष सरत आलं आणि जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले. त्या दिवशी व्हरांड्यात दोनच माणसं. हौसाक्का आणि धोंडीबा, एकाच फडक्यातली भाकरी खात.

"आजी, केस कुणाशी?"

"ह्याच्याशी," हौसाक्कानं दिराकडं बोट केलं.

"आणि जेवता एकत्र?"

"गाडी त्याची, भाकरी माजी."

"मग मिटवत का नाही?"

"रान माजं हाय, साहेब. ते कसं मिटवू?"

मोठे साहेब हसले. "कोर्ट परत साताऱ्याला नेलं तर?"

धोंडीबा घास टाकून उठला. "नगा साहेब, पाया पडतो. तिथं स्टँडवरनं कोर्टापतूर वैनीला पाठीवर मीच न्यायचं, आनि वर जाऊन तिच्या इरुद्ध मीच बोलायचं. लय दम लागतोय."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. कोर्ट राहिलं.

पुढं निकाल हौसाक्काच्या बाजूनं लागला. मी फाटकात उभा राहून बघत होतो. धोंडीबानं बैल जुंपले, तिला हात देऊन वर बसवलं आणि कासरा धरत म्हणाला, "वैनी, जाता जाता दाखवा, नवा बांध कुठनं घालायचा त्यो."