तोंडी दिलेला नकार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. खरं तर आज आनंदात असायला हवं — आणि आहेच मी आनंदात, खोटं कशाला बोलू? रविवारी आम्ही जिंकलो.

आम्ही म्हणजे पाच जणांचा अभ्यासगट. शांती नगरात एका शिकवणीच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर बसून काम करतो. आधी पाण्यावर, फुटपाथवर अहवाल केले. कुणी वाचले नाहीत. मग डिसूझा सर, आमच्यातले निवृत्त प्राध्यापक, म्हणाले, "आता घरांकडे बघू या. इतके फ्लॅट कुलूपबंद आहेत आणि माणसं भाड्याच्या खोलीसाठी वणवण फिरतायत. असं का?"

आम्ही दारोदार फिरलो. उत्तर साधं निघालं — मालक तयार असतो, सोसायटी नको म्हणते. आडनाव ऐकून, धर्म ऐकून, ताटात काय असतं ते विचारून. माणसं सांगत गेली, मी लिहीत गेले. माझं अक्षर चांगलं आहे.

त्यांच्यातच सुनंदा वाघमारे होती. नर्स, नांदेडकडची. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट तिनं काल घडल्यासारखी सांगितली. "ताई, नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणायचं ना. मी सामान बांधून बसले होते. आईला गावाहून बोलावून घेतलं होतं." मग तिनं इमारतीचं नाव सांगितलं.

मी लिहिलं, 'एका इमारतीत.'

का? — थांबा, सांगते. मला जरा वेळ लागतोय.

ती इमारत माझी. तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी मीच होते. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा मालक सुरतेला असायचा, त्याला काहीच हरकत नव्हती. एजंट कागद घेऊन माझ्याकडे सहीला आला. मी आडनाव वाचलं. गाव वाचलं — माझ्या माहेरापासून दोन कोसांवर.

हो, माहेरापासून. मी माहेरची कांबळे. लग्नानंतर आम्ही गावावरून आडनाव लावलं, दारावर तेच आहे, आणि इमारतीत कुणाला कधी कळलं नाही. आम्ही कळू दिलं नाही. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे — आतल्या खोलीत, कपाटाच्या दाराला आतून लावलेला. आणि ही बाई येणार. जिन्यात भेटणार. गाव विचारणार, माणसं ओळखीची निघणार, चार लोकांत मोकळेपणानं जयभीम म्हणणार. मी काय करणार होते तेव्हा?

एजंट म्हणाला, "मॅडम, क्या बोलूं उनको?"

"बोल दो, दूसरे को दे दिया."

एवढंच. कुणी मला भाग पाडलं नव्हतं. कमिटीतल्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. कदाचित ते हो म्हणाले असते. सुनंदानं मला पाहिलंही नव्हतं. ती आईला घेऊन दीड महिना मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात झोपली — हे मला तिच्याच तोंडून कळलं, तेही तिची हकीकत लिहून घेताना. माझं पेन थांबलं नाही.

रविवारी केबिन रोडजवळच्या हॉलमध्ये आसपासच्या सोसायट्यांची एकत्र सभा होती. सुनंदा बोलली. आवाज कापला नाही तिचा. पहिल्या रांगेतले जुने चेअरमन मान खाली घालून ऐकत होते. मग एकेक हात वर गेला, आणि ठराव झाला — भाडेकरूची जात, धर्म, खाणं विचारायचं नाही. नकार द्यायचा तर लेखी, कारणासकट, खाली सही करून. लोक उठून टाळ्या वाजवत होते. डिसूझा सर चष्मा पुसत होते. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत, आणि तो आनंद खरा होता.

लेखी नकाराचं कलम माझं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, इतकं नेमकं कसं सुचलं म्हणून. तोंडी नकार किती सोपा असतो, हे त्या हॉलमध्ये माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सुनंदाला बेव्हर्ली पार्कात फ्लॅट मिळालाय. उद्या तिनं मला जेवायला बोलावलंय. दारातच सांगणार आहे, चपला काढायच्या आधी. पुढे आत घ्यायचं की नाही, ते तिनं ठरवायचं. घर तिचं आहे.