दुपारी चारची हवा

डिसेंबरात माझा उजवा गुडघा बदलला आणि जानेवारीत मुलीला मुलगी झाली. दोन्ही गोष्टी एकाच हिवाळ्यात व्हाव्यात, याचा राग मला अजून आहे. डॉक्टरांनी तीन महिने लांबचा विमानप्रवास बंद केला होता. मुलगी आणि जावई केनियातल्या डोंगराळ भागात, एका शेतकी गावात मक्याच्या बियाण्यावर काम करतात. मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये. बाहेर बर्फ, घरात वॉकर. एरवी माझ्या पायाला भिंगरी असते, आता ती डोक्यात फिरायला लागली.

सकाळी उठलं की चहाच्या आधी फोनवर तिकडचं हवामान. आमचं बघायची गरज नव्हती, बर्फच असायचा. तिकडे डिसेंबर ते मार्च कोरडा. कच्च्या रस्त्यांची तांबडी माती, दुपारी सुटणारा वारा, आणि पावसाआधी रान साफ करायला लोक मक्याची वाळलेली ताटं पेटवतात. हे सगळं मुलीनेच मला कौतुकाने सांगितलं होतं. आता तेच मी तिच्याविरुद्ध वापरायला लागले. ॲपमधला हवेचा रंग पिवळा झाला की मेसेज, "खिडक्या लाव." नारिंगी झाला की थेट फोन.

"आई, इथे सेन्सरच नाहीये," ती म्हणायची. "दॅट नंबर इज जस्ट अ गेस."

"अंदाज तर अंदाज. उगाच कोणी नारिंगी दाखवत नाही."

समोरच्या खुर्चीतून नवरा म्हणाला, "तू दाखवतेस की."

बाळ सहा आठवड्यांचं झालं आणि खोकायला लागलं. बारीक, कोरडा खोकला, आणि नेमका त्यांच्या दुपारी साडेचारच्या सुमाराला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, साफ आहे म्हणाल्या. पण धूळ-धुरापासून जपा, श्वास घ्यायला त्रास होतोय असं वाटलं तर क्षणभर थांबू नका, असंही म्हणाल्या. ते ऐकून माझा जीव टांगणीला लागला. एवढ्याशा छातीत हवा मावते तरी किती, हेच दिवसभर मनात.

बाळाची आंघोळ चारला असायची. मुद्दाम चारला, कारण तेव्हा माझ्याकडे सकाळचे सात वाजतात आणि मला व्हिडिओ कॉलवर सगळं बघता येतं. टाळूवर तेल, मग ऊन पाणी, मग धुरी. धुरीचा हट्ट माझा. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग आणि लसणाची सालं टाकायची आणि त्या धुरावर बाळाला शेकायचं. आमच्याकडे एकही बाळ याच्याशिवाय मोठं झालेलं नाही. माझ्या बाळंतपणाला आई अमरावतीहून इथे आली होती, तेव्हा अपार्टमेंटचा स्मोक अलार्म रोज केकाटायचा. तिसऱ्या दिवशी आईने माझी शॉवर कॅप त्याच्या तोंडावर चढवली आणि धुरी सुखाने चालू राहिली. माझी मुलगी त्या धुरीमुळेच ठणठणीत, असं मी आल्यागेल्याला सांगत आले आहे. मुलीच्या गावात तर काहीच अडचण नव्हती. तिकडे घरोघरी कोळशाची शेगडी असते, तिला जिको म्हणतात. ओवा जवळच्या शहरातल्या गुजराती दुकानात मिळाला.

वारा चारला, खोकला साडेचारला. आणखी काय पाहिजे? "आंघोळीच्या आधी खिडक्या घट्ट लाव, दाराच्या फटीला ओला टॉवेल लाव," मी सांगितलं. तिने लावला. खोकला वाढला. मग मी त्या गावावरच चिडले. शेजाऱ्यांना शेतं पेटवू नका म्हणून सांगा, असं जावयांना बजावलं. ते बिचारे "हो आई, बघतो" म्हणाले. ज्यांची शेतं, त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगणार होते, कोण जाणे.

शेवटी मी हवा मोजायचं एक छोटं यंत्र विकत घेतलं. मुलीच्या ऑफिसातली एक जण शिकागोहून परत निघाली होती, तिच्याबरोबर पाठवलं. अंदाज नको ना, मग घ्या पुरावा.

पहिल्या दिवशी मुलीने ते आधी अंगणात धरलं. वारा होता, माती उडत होती. रंग पिवळा. मग खोलीत आणून टेबलावर ठेवलं. हिरवा. खरं सांगते, मी जरा हिरमुसले. आंघोळ झाली, खिडक्या बंदच होत्या, जिको आत आला, ओवा तडतडला. टेबलावर पिवळा, नारिंगी, लाल आणि मग जांभळा. जांभळा रंग मी ॲपमध्येसुद्धा कधी पाहिला नव्हता. बाळ खोकलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी तीन आठवडे देत होते. आणि चोर रोज सकाळी सातला हातात चहाचा कप घेऊन सूचना करत होता.

मुलीने जिको बाहेर नेला, खिडकी उघडली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"डाउट होता. लास्ट वीक तुझी फिजिओथेरपी होती ना, कॉल कॅन्सल केलास, त्या दिवशी मी धुरी स्किप केली. ती खोकली नाही."

"मग बोलली का नाहीस?"

ती बाळाला पुसत राहिली. "बोलणार होते. पण आई, दिवसभरात तेवढाच वेळ तू रडवेली नसतेस."

मला तिचा संताप आला, आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की फोनचा कॅमेरा बंद करावासा वाटला. आठवडाभर माझ्या मुलीने तिच्या मुलीच्या आधी मला ठेवलं होतं. माझं मन राहावं म्हणून ते एवढंसं बाळ धूर गिळत होतं.

"धुरी आजपासून बंद," मी म्हणाले. "आणि उद्यापासून आंघोळ सकाळीच घाल. वारा नसतो तेव्हा. खिडकी उघडी ठेवून."

"सकाळी तुझ्याकडे मध्यरात्र असते. तुला दिसणार नाही."

"नाही दिसणार," मी म्हणाले.