गर्दीचे फोटो काढणारे चाचा

या वहीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ असतील, आणि अक्षर माझं मलाच कधीकधी लागत नाही. चौथीनंतर हातात पेन्सिल राहिली नाही, सुई राहिली. वही कुणाला दाखवायची नाही, तरी चुकून कुणी वाचलीच तर सांभाळून घ्यावं. चाचांबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं. तर पहिली गोष्ट ही की, सगळ्या भिवंडीत त्यांच्याइतका गिऱ्हाइकाला न आवडणारा फोटो काढणारा माणूस दुसरा झाला नाही.

त्यांचा स्टुडिओ आमच्या खोलीच्या बरोबर खाली होता. एका बाजूला शिंप्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला लूमचा कारखाना. लूमच्या धडधडीनं त्यांच्या भिंतीवरचे फोटो रोज थोडे तिरके व्हायचे आणि चाचा रोज सकाळी ते सरळ करायचे. पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसाला ते आधी स्टुलावर बसवून गावाकडचं विचारायचे. घर कुठे, विहिरीला पाणी किती, आई कशी आहे. एकदा शिफ्ट सुटल्यावर एक कारीगर कसल्याशा कागदासाठी फोटो काढायला आला. बोलता बोलता तो हसला आणि चाचांनी तेवढ्यात बटण दाबलं. ऑफिसातून फोटो परत आला, दात दिसतात म्हणून. चाचांनी फुकटात दुसरा काढला, त्यातही तो हसला. तिसऱ्या वेळी त्यांनीच पदरचे वीस रुपये देऊन त्याला नाक्यावरच्या स्टुडिओत पाठवलं. म्हणाले, "माझ्याकडून जिवंतच येतो, काय करू?"

मी कारखान्यातून किलोवर चिंध्या आणून गोधड्या शिवायची. बोलायची मला सवय नाही. बायका गोधडी घ्यायला आल्या तरी भाव माझी मुलगी सांगायची आणि मी आत बसायची. एक दिवस जिन्याच्या कठड्यावर गोधडी वाळत घातली होती. चाचा वर आले, त्यांनी ती उलटी केली आणि मागची बाजू बघत उभे राहिले. मागे सगळ्या गाठी, उसवून पुन्हा घातलेले टाके. मला लाज वाटली. चाचांनी एका गाठीवर बोट ठेवून विचारलं, बाय, इथं काय झालं होतं? मी सांगितलं, मुलगी तापानं आजारी होती, तेव्हा आठ दिवस काम राहिलं होतं. त्यांनी मान हलवली आणि त्या गाठीचा फोटो काढला. गोधडीचा नाही, गाठीचा.

त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. रद्दीतल्या मासिकांतून कापलेले फोटो त्यांनी तिच्यात जपून ठेवले होते. देशोदेशीच्या लोकांनी काढलेले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते मला आणि मुलीला खाली बोलवायचे आणि एकेक फोटो आमच्या हातात द्यायचे. बोट लावायचं नाही, कडेला धरायचं. त्यातला एक मी विसरले नाही. कुठल्या तरी थंड मुलखातली म्हातारी दारात बसून फाटका कोट शिवत होती. तिचा चेहरा अंधारात होता, फक्त हात उजेडात. खाली इंग्रजीत नाव होतं, मला वाचता आलं नाही. पण हा फोटो काढणारा कधी तरी माझ्या शेजारी बसून गेला आहे असं मला वाटलं. चाचांना मी तसं सांगितलं, तर ते किती तरी वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मी समजत होतो असा मी एकटाच येडा हाय."

त्या एका वाक्यापायी मी पुढची चूक केली.

माझा भाऊ पूर्णा गावात राहतो. जमीन गोदामाला दिल्यापासून त्याचा आवाज वाढला आहे. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तो ठाण्याहून फोटोवाला आणणार होता. पुरुषांच्या बैठकीत मी जन्मात कधी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. म्हटलं, आमच्या खालचे चाचा चांगले आहेत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादानं माझ्या शब्दावर सहा हजार रुपये आगाऊ दिले.

चाचांनी हळदीपासून काम सुरू केलं. हळदीच्या रात्री ढवळे, म्हणजे आमची लग्नाची गाणी, म्हणणाऱ्या म्हाताऱ्या धवलारणीसमोर ते मांडी घालून बसले ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या आणि सगळ्यांचे डोळे नवरा-नवरीकडे लागले. त्या वेळी चाचा स्टेजवर नवरा-नवरीकडे पाठ करून उभे होते आणि गर्दीचे फोटो काढत होते.

अल्बम आला. अक्षता फेकणारे दीडशे लोक होते. झोपेत एकमेकींवर कलंडलेल्या बायका होत्या, धवलारणीचं उघडं तोंड होतं, भटजीचा हात होता. नवरी एकदाच होती, तीही जेवताना, पाठमोरी. हार घालतानाचा फोटो नव्हता.

दादा मला म्हणाला, "तुझ्या चाचानी गावजेवणाचा फोटो काढलाय, लग्नाचा न्हाय. पैसं घेऊन ये, मंगच या घराची पायरी चढ."

आईवडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे तेवढीच पायरी होती. मी रडत खाली गेले. चाचांनी वाद घातला नाही. "त्यांनी मागितलेलं मी काढलं नाही, म्हणजे पैसे त्यांचेच," एवढंच म्हणाले. पैसे तर फिल्म आणि छपाईत गेले होते. पुढच्या महिन्यात त्यांनी माझ्या हातात अडीचशे रुपये ठेवले. म्हणाले, "असे दर महिन्याला देईन, तूच नेऊन दे."

पहिल्या वेळी वहिनीनं पैसे दारातच घेतले. दुसऱ्या वेळीही. चौथ्या महिन्यात ऊन फार होतं म्हणून तिनं पाणी दिलं. पुढे पाण्याचा चहा झाला, आणि चहाबरोबर तिच्या गुडघ्याचं दुखणं मला कळायला लागलं. दादा ओट्यावर पेपर वाचत बसायचा आणि माझ्याशी बोलायचा नाही. वर्षभरानं त्यानं पेपरामागून विचारलं, पोरगी कितवीत गेली? मी आठवी म्हटलं. घरी येईपर्यंत मी तो प्रश्न मनात घोळवत होते.

असं दोन वर्षं चाललं. तोवर लोक डिजिटल फोटोच्या दुकानात जायला लागले होते. चाचांनी स्टुडिओ बंद करून मुंब्र्याला लेकीकडे जायचं ठरवलं. सामान बांधताना शेजारचा शिंपी मला सहज बोलून गेला की, मोठा कॅमेरा तर यांनी पहिल्याच महिन्यात विकला, तुमच्या भावाचे पैसे द्यायला. सात हजार आले होते.

मी चाचांकडे बघितलं. ते पेटीला सुतळी बांधत होते. मी विचारलं, मग अडीचशे-अडीचशे का दिले?

त्यांनी आधी गाठ मारून घेतली. मग म्हणाले, "एकदम दिले असते तर तू एकदाच गेली असतीस, बाय."

त्यांनी शेवटचे अडीचशे माझ्या हातात दिले आणि टेम्पोत पुढे बसले.  टेम्पो वळेपर्यंत मी उभी राहिले.

ते पैसे मी नऊ दिवस डब्यात ठेवले. दहाव्या दिवशी पूर्ण्याला गेले. दादानं नोटा घेतल्या, न मोजता सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि आत बघून वहिनीला म्हणाला, "हिचं पण ताट वाढ." सहा हजार पुरे झाले.